तळं कोणाच्या नावावर होतं?

तलासरीकडच्या आमच्या बुधीला तुम्ही "आज सोमवार" असं सांगितलंत, तर ती आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग आभाळाकडे, आणि मग विचारेल, "तुला कोणी सांगितलं?"

पाड्यावर पोलिओचा डोस पाजायला नर्सबाई आल्या, तेव्हा बुधीने पहिला थेंब त्यांच्याच जिभेवर टाकायला लावला. मग त्यांना थोडा वेळ ओट्यावर बसवून ठेवलं. बाई मरत नाहीत असं दिसल्यावर तिने आपल्या पोरीला, वर्षाला, पुढे केलं. लग्नाआधी तिने म्हणे होणाऱ्या नवऱ्यालाही, लहान्याला, ताडावर चढायला लावलं होतं. मुलगा ताड चढतो असं त्याच्या बापाने सांगितलं होतं, आणि बापाच्या सांगण्यावर कोण भरवसा ठेवतो? ही गोष्ट मला लहान्यानेच ताडी पिताना सांगितली, त्यामुळे खरी असेल. नसली तरी मी ती वाया घालवणार नाही.

चिकूच्या हंगामात बुधी आमच्या नरपडला धोंडूशेठच्या वाडीत कामाला यायची. फळं काट्यावर चढवण्याआधी ती स्वतः काट्यावर उभी राहून बघायची, कालइतकीच भरले ना म्हणून. धोंडूशेठ चिडायचा. "अगं बाई, काटा सरकारमान्य आहे!" बुधी म्हणायची, "म्हणून तर बघते." त्यांच्या वारली बोलीत लहानथोर सगळ्यांना तू. तहसीलदारही तू आणि धोंडूशेठही तू. मला तर ती "ए म्हाताऱ्या" म्हणायची, तेव्हा मी काही इतका म्हातारा नव्हतो.

तर दोन हजार अठराच्या सुमारास बुधीच्या संशयाला सुगीचे दिवस आले. वेगाच्या नव्या रेल्वेगाडीसाठी जमिनीची मोजणी होणार अशी बोंब होती. कुठे शेतात खुंटी दिसायची, कुठे दगडावर लाल रंग. सगळे पाडे अस्वस्थ होते आणि बुधी एकटी तयारीत होती. तिने पाड्याला रीतसर शिकवण दिली: अनोळखी माणूस पावलं मोजत चालताना दिसला की त्याला आधी पाणी द्यायचं, मग चौकशी करायची. तहान भागलेल्या माणसाला खोटं बोलायला जड जातं. पाडा तिचं ऐकायचा. बाया पोरं खेळवता खेळवता रस्त्यावर नजर ठेवायच्या.

आणि नेमक्या त्याच साली, भातं झोडून झाल्यावर, धोंडूशेठची मयूरी पाड्यावर उगवली. एका हातात चुन्याची पिशवी, दुसऱ्या हातात खुंट्या!

मयूरीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण नरपडमध्ये तिच्याबद्दल दोन हजार बोलले जायचे. ही मुंबईत आणि मग परदेशात बॅले नावाचा नाच शिकून आली होती. त्यात मुली पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहतात, जमिनीला आपलं वजन कळूच द्यायचं नाही असा पण केल्यासारख्या. आमच्या बायका म्हणायच्या, बापाचे चिकू विकून पोरगी टाचा उचलायला शिकली. पण परत आली ती नेमकं उलटं डोक्यात घेऊन. तिला त्या बॅलेमधली एक जुनी गोष्ट नव्याने बसवायची होती, आणि तीसुद्धा टाच टेकून, अनवाणी, शेणाने सारवलेल्या खळ्यावर. लाकडी फरशीवर पाय खोटं बोलतात, असं काहीतरी ती म्हणाली. धोंडूशेठ मला हळूच म्हणाला, "टाच टेकायलाच शिकायचं होतं तर घरी काय वाईट होतं?"

सोबत प्रितेश नावाचा उंच, पोटच नसलेला मुंबईचा नाचणारा होता. दोघांनी खळ्यावर चुन्याचे ठिपके टाकले, कडेने खुंट्या ठोकल्या, आणि पाड्यातल्या पोरींना नाचायला बोलावलं. बुधीची वर्षा सर्वांत आधी गेली.

दुसऱ्या दिवशी खुंट्या गायब. मयूरीने नव्या ठोकल्या, त्याही गायब. बुधीने तिला घरी बोलावून चहा दिला. चुलीत खुंट्याच जळत होत्या. मयूरीने बघितलं आणि म्हणाली, "बुधीबाय, चहा छान झालाय." बुधीला हे आवडलं नाही. भांडली असती तर बरं होतं.

मग तिने परीक्षा घेतली. सगळे जेवायला बसले असताना खळ्यावरचे दोन ठिपके पायाने पुसून हातभर बाजूला नवे टाकले. मला कसं माहीत? मी खळ्यामागच्या आंब्याखाली बसलो होतो. गोष्टी आपण होऊन माझ्याकडे येत नाहीत, मला थोडं चालावं लागतं.

दुपारी नाच सुरू झाला. पोरी ठिपक्यांवरून धावत आल्या आणि वर्षा जाऊन प्रितेशवर आदळली. प्रितेश खाली, वर्षा वर, आणि पाडा खो खो हसतोय. मयूरी ठिपक्यांकडे बघत राहिली. मग तीही हसली आणि म्हणाली, "असंच ठेवू. हे जास्त खरं वाटतं."

बुधी माझ्याजवळ येऊन बसली. "ए म्हाताऱ्या, ही मोजणीवाली नाय."

"कशावरून?"

"मोजणीवाल्याची रेघ वाकडी केली तर तो पोलीस आणतो. ही खूश झाली." मग म्हणाली, "पण मग ही आली कशाला?"

म्हणजे एक संशय फिटला आणि दुसरा बसला. हा दुसरा जास्त जड होता, कारण वर्षा आता घरात पाणी भरतानाही टाच आपटत चालायची, आणि मयूरीने तिला गोष्टीतली मुख्य पोर केलं होतं.

बुधी ओट्यावर पाय पसरून म्हणाली, "मला गोष्ट सांग. माझी पोर ज्यात नाचते ते मला कळलं पाहिजे."

मयूरीने सांगितली. एका पोरीचं घर तळ्याकाठी असतं. एक परका सरदार येतो, तिच्यावर भाळतो, तिला अंगठी देतो आणि निघून जातो. पोर झुरते, तळ्यात उतरते आणि धुकं होऊन पाण्यावर नाचत राहते. जुन्या नाचात ती पांढऱ्या झग्यात तरंगते आणि लोक रडतात.

बुधीने सगळं ऐकून घेतलं. "तळं कोणाच्या नावावर होतं?"

"अं?"

"तळं ग, तळं. पोरीच्या बापाच्या नावावर ना? परका माणूस फुकट अंगठी देतो? त्याला तळं पाहिजे होतं. पोर मेली, तळं मोकळं झालं. आणि तुम्ही बसलात रडत!"

प्रितेश हसला. मयूरी हसली नाही. चहाचा कप तसाच हातात धरून ती बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून नाच बदलला. आता सरदार झालेला प्रितेश प्रेमाने पोरीचा हात धरून खळ्यावर फिरायचा, आणि फिरता फिरता दुसऱ्या हाताने मागे दोरी सोडत तळं मोजत जायचा. मी पाहिलंय, अंगावर काटा यायचा. माणूस गोड हसतोय आणि मागे दोरी लांबतेय.

आता हे सगळं पाड्याला कोण समजावणार? पाड्याने बघितलं ते एवढंच, की मुंबईचा माणूस आपल्या खळ्यावर दोरी धरून मोजतोय, आणि बुधीची पोर त्याचा हात धरून चालतेय.

त्याच संध्याकाळी माणसं खळ्यावर जमली. मयूरी आणि प्रितेश एका बाजूला उभे होते. वर्षा आईमागे होती, आणि तिच्या तोंडावर असं लिहिलं होतं की आज नाच बंद झाला तर मी जेवणार नाही, उद्याही नाही. सुक्या पुढे झाला. हा सुक्या बुधीचा पट्टशिष्य. तिने शिकवलं तेव्हापासून हा वाटसरूंना इतकं पाणी पाजायचा की बिचाऱ्यांना चालणं अवघड व्हायचं.

"बुधे," सुक्या म्हणाला, "तूच सांगितलंस, पावलं मोजणाऱ्यावर नजर ठेवा. आम्ही ठेवली. आता तूच सांग, यांच्याकडून काय घेतलंस?"

"तुझ्या आईचं डोकं घेतलं," बुधी म्हणाली, पण नेहमीचा जोर नव्हता.

"वर्षा उद्यापासून नाचणार नाय. हे लोक उद्या निघतील. नायतर आम्ही समजू, तुझ्या घराने जमीन द्यायला हो म्हटलं."

मला वाटलं, आता बुधी म्हणेल की हा नाच आहे, मयूरी चांगली आहे, तिच्यावर विश्वास ठेवा. आणि तसं म्हटलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. विश्वास ठेवा म्हणणाऱ्यावर तो पाडा कधीच विश्वास ठेवत नाही. ही शिकवणही तिचीच.

बुधी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझा यांच्यावर विश्वास हाय असं कोण म्हणाला?"

सुक्या गोंधळला.

"ही शेठची पोर, शहरात वाढलेली. घर सोडून आपल्या शेणात नाचते. तुला हे बरोबर वाटतं? मला नाय वाटत. यांच्या मनात काय हाय ते बाहेर बसून कळणार हाय का? आत माणूस पाहिजे आपला. रोज जाईल, सगळं बघेल, संध्याकाळी येऊन सांगेल. मी माझी पोर आत घातली हाय. तू कोणाला घातलंस?"

सुक्याने इकडेतिकडे बघितलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "शहाणी हाय बुधी." दुसरा म्हणाला, "मग आमची ठकी पण जाऊ दे की." बघता बघता नाचायला चार पोरी वाढल्या, सगळ्या हेर म्हणून. मयूरीचा चेहरा बघण्यासारखा होता. आपला अपमान झाला की आपलं काम झालं, हे तिला ठरवता येईना.

नाच डहाणूला एका जुन्या कौलारू हॉलमध्ये, जमीन शेणाने सारवून घेऊन झाला. सगळा पाडा टेम्पो करून आला, बघायला नव्हे, पाळत ठेवायला. मुंबईची चष्मेवाली मंडळी पुढच्या रांगेत. प्रितेशने गोड हसत मागे दोरी सोडली तसा सुक्या खुर्चीवर उभा राहून ओरडला, "ए, दोरी ठेव खाली!" चष्मेवाल्यांना वाटलं, हाही नाचाचाच भाग. टाळ्या पडल्या. वर्षाने ती दोरी प्रितेशच्या हातातून ओढून घेतली आणि टाच आपटत, तळ्यात न उतरता, लोकांमधून चालत थेट दाराबाहेर गेली. धुकं नाही, पांढरा झगा नाही. रडलं कोणी नाही, पण पाड्याने छताची कौलं हलतील असा हुंकार दिला.

मग तो नाच बडोद्याला बोलावला गेला. सुक्या बुधीच्या ओट्यावर आला. या वेळी त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच अडचण होती.

"बुधे, आता तर सगळं कळलं. हा नाचच हाय. तळं कोणी नेलं नाय, जमीन कोणी मागितली नाय. खात्री झाली ना? मग आता पोरीला इतक्या लांब कशाला पाठवायचं? लग्नाचं वय झालं."

लहान्या जमिनीकडे बघत होता. वर्षा दाराच्या आत, चौकट धरून. मी चहाचा घोट तोंडातच धरून ठेवला होता. बुधीने पोरीकडे एकदा बघितलं. तिचा चेहरा कधी नव्हे इतका हळवा झाला. लगेच तिने तो सावरला, आणि सुक्याकडे वळून मान हलवली.

"नाय झाली."

"अजून?"

"इथे सरळ वागले म्हणून बडोद्यात पण वागतील? गुजरात हाय ते. तुला काय माहीत तिथे काय चालतं?"

सुक्या विचारात पडला. त्याला ते पटलं. न पटून करतो काय, गुरूच तशी मिळाली होती.

गाडीच्या दिवशी बुधीने वर्षाच्या पिशवीत सुका बोंबील आणि भाकरी कोंबली. मयूरी बाजूला उभी होती, तिच्याकडे एक तिरका कटाक्ष टाकला आणि पोरीचं डोकं जवळ ओढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळं नीट बघून ये. घाई नको करू."