समुद्रासाठी नेलेला नारळ

बाबांना समुद्रावर नेण्याचं मी आठ वर्षं पुढे ढकलत होतो. आधी ऑफिस, मग मुलीची बारावी, मग त्यांचे डोळे. काचबिंदूमुळे आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. देवगडजवळच्या गावातून ते विशीत कोलकात्याला आले. माझा तर जन्मच इथला.

शेवटी त्यांना नेलं दुसऱ्यानेच. नागपूरहून बदली होऊन आलेला रेल्वेतला एक तरुण अधिकारी मराठी मंडळात ओळखीचा झाला आणि गार्डन रीचच्या क्वार्टर्समधून दर आठवड्याला बाबांकडे येऊ लागला. बाबा त्याला लहानपणच्या होड्यांबद्दल सांगत. मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं, पण तेव्हा एवढा विचार कोण करतो?

"चला न काका, समुद्रावर जाऊ," म्हणाला आणि रविवारी गाडी घेऊन हजर. बाबा पुढे त्याच्या शेजारी, मी मागे.

कोलकात्यापासून दोनेक तासांवरचं डायमंड हार्बर सुंदर होतं. जुन्या किल्ल्याच्या विटांचे ढिगारे पाण्यात उतरलेले, एक मालवाहू जहाज संथ चाललेलं, पलीकडचा काठ धुक्यात बुडालेला.

"काका, समुद्र!" तो ओरडला. खोटं बोलत नव्हता. एवढं पाणी पाहून त्याला खरंच तसं वाटलं.

बाबांनी चपला काढल्या. त्याने पिशवीतून नारळ काढला. "बायकोने आठवणीने दिलाय. नारळी पौर्णिमेचं तुम्ही सांगितलं होतं न."

बाबांनी नारळ छातीशी धरला, चेहरा वाऱ्याकडे केला. ओठ हलत होते. दुसरा हात त्या पोराच्या कोपरावर. वडिलांचा असा चेहरा मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता.

मी म्हणालो, "बाबा, ही नदी आहे. समुद्र अजून बराच पुढे."

"नदी?"

"हुगळी. आपल्या घाटावरचीच."

खरं तेच होतं. पण मी खरं सांगण्यासाठी बोललो नव्हतो.

बाबांचे ओठ थांबले. तो पोरगा कानापर्यंत लाल झाला. "सॉरी काका, मला वाटलं…"

"असू दे रे," बाबांनी त्याच्याच हातावर थोपटलं. नारळ पुन्हा पिशवीत ठेवला आणि पायाने चपला चाचपू लागले.

परतताना त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बक्खालीला खरा समुद्र आहे म्हणतात. दादा नेतील तुम्हाला, काका." तो मला माझी जागा परत देत होता. मी "बघू" म्हणालो.

घरी त्या नारळाच्या वड्या झाल्या. बाबांनी एकही घेतली नाही.

उन्हाळ्यात त्याची बदली झाली. मला बरं वाटलं. लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं. दर रविवारी त्याचा फोन येतो. बाबा होड्यांबद्दल बोलत असतात, हसत असतात. मी खोलीत पाऊल टाकलं की त्यांना चाहूल लागते, आणि ते हवापाण्याचं बोलू लागतात.