तिरुपतीला न जाता आणलेले लाडू

सव्विसाव्या वर्षी मी खिशात कंगवा ठेवणं बंद केलं. गरजच उरली नव्हती.

मी धंतोलीतल्या एका मेडिकलमध्ये कामाला आहे, आणि तेव्हा माझ्या काउंटरवर केस उगवायच्या औषधांचं कपाट होतं. गिऱ्हाईक बाटली उचलायचं, "फरक पडते का?" म्हणून विचारायचं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या डोक्याकडे बघून बाटली परत ठेवायचं. महिनाभरात शेठजींनी मला खोकल्याच्या औषधांपाशी उभं केलं. (मला खोकला नव्हता.)

अशात वर्ध्याचं स्थळ आलं. मुलीचं नाव अश्विनी, शाळेत गणित शिकवायची. आईनं तिकडे पाठवलेला फोटो माझ्या कॉलेजातला होता, त्यात कपाळावर केसांचा हा एवढा झुपका. अश्विनीशी तीनदा फोनवर बोललो आणि पार विरघळलो. हसायची फार छान. रविवारी ते लोक मला बघायला येणार होते. दार उघडल्यावर ती फोटोतल्या मुलाला शोधेल आणि तो न सापडल्यामुळे परत जाईल, या धास्तीनं माझं जेवण सुटलं.

शुक्रवारी मला युक्ती सुचली. (मला युक्ती सुचली म्हटलं की घरचे अजूनही एकमेकांकडे बघतात.) टक्कल पडतं, पण मुंडण आपण करतो. सगळंच काढून टाकायचं आणि तिरुपतीला जाऊन आलो म्हणून सांगायचं. लोक उलट हात जोडतील. महाल भागातल्या नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. पाच मिनिटांत मोकळा झालो, त्यातली तीन साबण लावण्यात गेली.

घरी आलो तर आईचा झारा कढईवर तसाच राहिला.

"काहून रे, तुझा बाप जिता आहे ना अजून!"

"मी आहो," बाबा पेपरमागून म्हणाले.

मी सगळी योजना सांगितली. आई कपाळाला हात लावून बसली. पण रविवार दोन दिवसांवर होता आणि केस काही परत चिकटवता येत नव्हते, म्हणून ती तयार झाली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या भोयरकाकू विरजण मागायला आल्या. माझं डोकं बघून त्यांनी हात जोडले.

"बालाजी?"

"हो काकू."

"अन् लाडू?"

तिरुपतीहून आलेला माणूस गल्लीत प्रसाद वाटत नाही, असं आजवर झालेलं नाही.

"देतो ना. बॅग उघडायची आहे अजून."

"पण परवा तर तू चक्कीवर दळण घेऊन उभा होता गा."

"विमानानं गेलो होतो. काल गेलो, आज आलो."

काकू वर गेल्याबरोबर मी चौकातल्या मिठाईवाल्याकडे पळालो आणि बुंदीचे चांगले मोठे लाडू आणले. आईनं त्यांत वरून काजू खोचले. काकूंनी एक घास घेतला, डोळे मिटून चावला आणि म्हणाल्या, "बालाजीनं बी आपल्याच चौकातून माल उचलला वाटते." तरी आणखी दोन घेऊन गेल्या.

रविवारी अश्विनी, तिचे वडील आणि आई आले. माझं डोकं बघून तिच्या आईला गहिवरून आलं.

"काय नवस होता, प्रशांतराव?"

नवसाचा मी विचारच केला नव्हता.

"चांगली बायको मिळू दे, असा," बाबा म्हणाले. (त्यांनी आयुष्यात मला केलेली ही पहिली आणि शेवटची मदत.)

तिच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. अश्विनी मान खाली घालून बसली होती, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, तीही गहिवरली.

"मुलगा आम्हाले पसंत आहे," तिची आई म्हणाली. "पण साखरपुड्याचे फोटो जन्मभर राहतात. दोन-तीन महिन्यांत केस येतीनच यांचे. डोकं भरलं की करून टाकू."

माझं भरलेलं डोकं मी स्वतः शेवटचं बघितलं, त्यालाही तीन वर्षं झाली होती.

मग मी त्या कपाटातली एकूण एक बाटली घरी आणून डोक्यावर रिकामी केली. कानांच्या वर भरघोस पीक आलं आणि मधलं मैदान मैदानच राहिलं. मे महिना होता म्हणून व्हिडिओ कॉलवर मी डोक्याला दुपट्टा बांधून बसायचो. घरात, कूलरसमोर. चौथ्या महिन्यातही दुपट्टा सुटेना, तेव्हा वर्ध्याहून तिच्या आईचा फोन आला: "देवानं केस परत नाही दिले म्हणजे नवसात खोट राहिली. पुढे जावं की नाही, विचार करून राहिलो आम्ही."

मी तडक अश्विनीला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. केस आधीपासूनच नव्हते, तिरुपती पण नव्हतं, लाडू चौकातले होते.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "त्या रविवारच्या आधीच आईले गुडघ्यासाठी धंतोलीत आणलं होतं. तिले दवाखान्यात बसवलं अन् तोंडाला दुपट्टा बांधून तुम्हाले बघायले मेडिकलमध्ये आली मी. खोकल्याचं औषध मागितलं. तुम्ही खालच्या कप्प्यात वाकले, तेव्हा सगळं दिसलं."

"मग बोलल्या का नाही?"

"म्हटलं बघू तर, हा माणूस अजून कुठवर जाते."

तिच्या आईला मात्र खरं सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. अश्विनीनंच तोडगा काढला: खोट राहिली ना, मग पुन्हा जाऊन नवस फेडायचा. सासूबाई लगेच मानल्या आणि स्वतःही सोबत निघाल्या. तिथं मुंडण झालं की केस येवोत न येवोत, साखरपुडा पक्का. निघायच्या आदल्या दिवशी मी कानांवरचं पीक मशीननं बारीक करून घेतलं. (युक्ती माझीच. तेवढंच जरा नीटनेटकं दिसावं म्हणून.)

तर तिरुपतीला मी मांडी घालून बसलो आणि भक्तिभावानं मान झुकवली. वस्तरेवाल्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि वस्तरा खाली ठेवला.

"आपका तो हो गया ना? उठो, अगले को आने दो."

"नहीं हुआ भैया, सच में."

"अरे, हो गया."

मागे सासूबाई कान देऊन उभ्या. टक्कल दिसू नये म्हणून मी मुंडण केलं होतं, आणि आता मुंडण झालेलं नाही हे पटवायला देवाच्या दारात, त्यांच्या देखत, टक्कल पुढे करत होतो. दोन्ही कान धरून खाली ओढले आणि म्हटलं, "ये देखो, यहाँ पे हैं."

त्यानं वाकून निरखून पाहिलं.

"हाँ, दो-चार हैं," म्हणाला आणि वस्तरा उचलला.

त्या दोन-चारांच्या जिवावर माझं लग्न झालं.