चिमट्याची बिर्गा

छापखान्यात त्याला सगळे चिमटा म्हणत. तो अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा, मी यंत्रावर छापायचो. खिळा उचलायचा चिमटा त्याच्या खिशात कायम, जेवतानासुद्धा. आम्हा दोघांच्या कपड्यांना घरी गेल्यावरही शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा. आता तो वास कुठे मिळत नाही.

मंगोल लिपीतलं एक मासिक आमच्याकडे छापायला येई. ती लिपी वरून खाली चालते. चिमट्याला तिच्यातलं अक्षरही वाचता येत नसे. नमुना समोर ठेवून तो एकेक खिळा लावायचा. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर एक वळणदार चिन्ह असे, बिर्गा. लेख इथून सुरू, एवढंच ते सांगतं; नमुन्यात त्याच्या जागी नुसती फुली असे. झिजलेली बिर्गा तो कधी लावत नसे. कोणी घाई केली तर म्हणायचा, "कपाळ फुटकं ठेवून तोंड रंगवू का?"

छापखाना बंद पडला. मासिक वेबसाइटवर गेलं, आणि ते काम नेमकं चिमट्याच्या मुलीकडे आलं. तोवर त्याचा एक डोळा गेला होता, दुसरा विझत चालला होता. त्याचा फोन आला. "बिर्गा पडद्यावर उभी राहिलेली एकदा बघायचीय. मग हा डोळाही जाऊ दे. तू ये."

गेलो. मुलीने कोडमध्ये चिन्हाचा क्रमांक टाकला. पडद्यावर रिकामा चौकोन आला.

"हे काय, खिडकी?"

"बाबा, या फॉन्टमध्ये ते चिन्हच नाही. थांबा जरा."

तिने दुसरा फॉन्ट जोडला. बिर्गा आली, पण आडवी.

"झोपली की गं!"

तिने मजकूर वरून खाली चालवणारी ओळ कोडमध्ये घातली. बिर्गा उभी राहिली. मी शाबास म्हणणार, तोच चिमटा तडकला.

"उलटी आहे."

"बाबा, बरोबर आहे ती."

"जन्मभर हाताळली मी, आणि तू मला सांगतेस?"

तिने ओठ आवळले. आणखी एक ओळ घालून चिन्ह आरशात दिसावं तसं फिरवलं.

"हां. आता मासिकाला पाठव."

मला गप्प बसवेना. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, कागदावर सुलटं उमटतं. ओळखीच्या लिपीत जुळारी ते मनातच फिरवून घेतो. ही लिपी त्याच्या ओळखीची नव्हती. त्याने बिर्गा पाहिली ती फक्त शिशात. छापलेला कागद यंत्रातून निघे, तोवर तो पुढच्या पानाला लागलेला असे.

"चिमट्या, तू शिसं बघतोयस. कागद मी पाहिलाय. पोरीचं बरोबर होतं."

त्याने खिशातला चिमटा चाचपला. मग म्हणाला, "म्हणजे ती सुलटी मी कधी पाहिलीच नाही?"

"तुला सवड कुठे होती?"

मुलीने ती ओळ पुसली. बिर्गा फिरली. मग तिने ती वाढवत वाढवत पडदाभर केली. चिमट्याने खुर्ची ओढली, काचेला नाक टेकेल इतका पुढे झाला आणि बोटाने वळण गिरवत खाली उतरला.

"शेपटी इकडे वळते होय? बरी दिसते."

"पाठवू, बाबा?"

"थांब. बघतोय अजून."