रिकाम्या खुर्चीतला डोळा

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. वाढलो बोईसरला, वडील तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पात. त्यामुळे आमच्या घरी न दिसणारी गोष्ट म्हणजे एकच — रेडिएशन, आणि तेही मोजता येतं! कोणी हडळीची गोष्ट काढली की वडील विचारायचे, "रीडिंग किती आलं?" पुढे मीही त्याच वाटेला लागलो. आता एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट आहे. डोळ्यातल्या गाठीवर प्रोटॉनने उपचार करतात, त्याचा डोस मोजायचं काम माझ्याकडे.

गेल्या वर्षी पेशंट म्हणून आली ती माझी सख्खी हिरामावशी. राहणार सातपाटी, जन्मभर पालघरच्या बाजारात मासळी विकलेली, तोंडाने फटकळ. एक डोळा लहानपणीच गेलेला आणि उरलेल्या एकुलत्या एका डोळ्यात गाठ. प्रोटॉन ठरलेल्या खोलीपर्यंत जाऊन थांबतो, म्हणून मागची नस वाचू शकते... पण पेशंटने समोरच्या लाल दिव्यावर नजर न हलवता ठेवली तरच. नाहीतर डोळाच काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि मावशीची नजर काही ठरेना. आधी नुसती तालीम घेतात, त्यात दिव्याकडे बघता बघता ती सटकन डावीकडे खाली जायची. पुन्हा समोर, पुन्हा खाली.

"अगं मावशी, तिकडे आहे काय?"

"मासलीची पाटी," ती ओशाळून म्हणाली. "काय करू रं बाला, सवय हाय. गिऱ्हाइकाशी बोलताना मांजरावर नजर ठेवावीच लागते. पाटीवरनं नजर काडली का पापलेट गेलाच समज! त्यात मला डोला एकच."

आम्ही सगळे हसलो. मग हळूच तिने माझा हात धरला. "डोला काडतील काय रं?" मी नुसता तिचा हात थोपटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या प्लॅनचा डोस मोजायला बसलो. पद्धत साधी आहे — खुर्चीवर पेशंटच्या डोळ्याच्या जागी प्लास्टिकचा ठोकळा बसवायचा, ठोकळ्यात डिटेक्टर, दार लावून बाहेरून बीम, म्हणजे प्रोटॉनचा झोत, सोडायचा. पेशंटची नजर हलते का ते बघायला एक कॅमेरा असतो, तो चालूच होता. स्क्रीनवर अर्थात ठोकळाच. सोबत माझी केरळची सहकारी होती.

रीडिंग बरोबर आलं. मी मान वर केली तर स्क्रीनवर डोळा...

माणसाचा. उघडा, ओलसर, जिवंत. बुबुळाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा डाग. तो दिव्याकडे बघत नव्हता. डावीकडे, खाली, एकटक बघत होता.

"सर... अंदर कौन है?" सहकारी किंचाळली. तिलाही दिसला होता! बीम बंद करून धावत आत गेलो. खुर्ची, ठोकळा, बाकी कोणी नाही. रेकॉर्डिंग पाहिलं, त्यातही नुसता ठोकळा. सगळं मोजमाप पुन्हा केलं, तेच आलं.

सहकारिणीला काही बोललो नाही, पण तो डाग मी ओळखला होता. माझ्या काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा. तरुणपणी बोटीवर गळ लागून झालेला. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी आधीच घाबरलेली, म्हणून तिला यातलं काही कळू दिलं नाही.

उपचार सुरू झाले. मी बाहेर स्क्रीनसमोर, जीव मुठीत धरून. मावशीचा डोळा जो दिव्यावर लागला तो हललाच नाही. रोज तसंच. डॉक्टरसुद्धा चकित झाले.

शेवटच्या दिवशी विचारलं, "कसं गं जमलं?"

"तुजा काका होता ना! म्हनला, तू समोर बग, पाटी मी राखतो. दर्यावरनं आला का बाजारात तोच राखायचा, मी जेवून येईपर्यंत."

स्क्रीनवरच्या डोळ्याबद्दल मी तिला अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

सहकारी म्हणते, कॅमेऱ्यात कसलं तरी प्रतिबिंब पडलं असेल. असेलही. पण डागासकट? आणि नजर बरोबर पाटीच्या जागी? मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी आता शोधतही नाही.

डोळा वाचला. परवा सातपाटीला गेलो होतो, मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं. तिने हातातला बोंबील खाली ठेवला.

"तुला दिसला? मला निस्ता आवाजच आला रं." मग जरा थांबून, "डोला पिवला होता काय त्याचा?"

काका काविळीने गेले. शेवटी शेवटी डोळे हळदीसारखे झाले होते, ते तिने रोज पाहिले होते.

"नाही गं मावशी. पांढराशुभ्र होता."

"मंग बरा झाला तो," ती म्हणाली, आणि तिथेच बोंबलांपाशी बसून आम्ही दोघंही रडलो.