अक्कांचं पान उघडायचं नाही

सभागृहाच्या दाराशी चपला काढून आत येणारी ती एकटीच बाई होती. इंजिनिअरिंग कॉलेजचं सभागृह, आत शंभरेक पोरं बूट घालून बसलेली, आणि या अक्का अनवाणी थेट पहिल्या रांगेत. कुणी म्हटलं, "अक्का, इथं चपला चालतात," तर म्हणायच्या, "चालू देत की. विद्या शिकायची जागा आहे ना? सरी मग."

बंगळुरात वेबपानं तयार करणाऱ्यांचा वर्षातून एकदा मेळावा भरायचा आणि महिन्यातून एकदा राजाजीनगरात छोटी बैठक. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच पुण्याहून आलो होतो आणि आपल्याइतकं शहाणं कुणी नाही अशा थाटात फिरत होतो. पहिल्याच बैठकीत माझं मराठी ऐकून अक्का वळल्या. "कुठला रे तू? पुण्याचा? तरीच. शाळेच्या पुस्तकातून बोलल्यासारखं बोलतोस." त्यांच्या घरातलं मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, अर्ध्या वाक्यात कन्नड मिसळलेलं, 'ठीक आहे'ला 'सरी' म्हणणारं. मला ते आधी अशुद्ध वाटलं, मग इतकं गोड वाटायला लागलं की मीही 'स्वल्प थांबा' म्हणू लागलो.

अक्का पन्नाशीच्या. यजमान वारलेले, चिकपेटेतलं कापडाचं दुकान दीर बघायचे. या वयात गल्लीतल्या क्लासला जाऊन त्या वेबपान करायला शिकल्या होत्या. कशासाठी, ते त्यांनी मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं. आडपडदा हा प्रकारच नव्हता त्यांच्याकडे.

एकुलता एक मुलगा. त्याला कॉम्प्युटरचं वेड. वडील म्हणाले, दुकानात बस. शब्दाला शब्द वाढला, वडिलांनी हात उचलला आणि पोरगा नेसत्या कपड्यांनिशी घर सोडून गेला. पुढे वडील गेले, तेही त्याला कळलं नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नवस झाले. "आता एवढंच राहिलं बघ," अक्का म्हणाल्या. "कुठं असला तरी कॉम्प्युटरपुढंच बसला असणार तो. मग मी तिथंच जाऊन बसते."

पान साधंच होतं. तेव्हा मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर धड दिसायची नाहीत, म्हणून त्यांनी कागदावर स्वतःच्या हातानं लिहून त्याचं चित्र करून लावलं होतं. वर त्यांचा फोटो, खाली मुलाचं नाव आणि ओळी: 'बाबा गेले. कुणी रागावलेलं नाही. घर तेच आहे. ये.' सगळ्यात खाली एक आकडा. पान कितीदा उघडलं गेलं ते सांगणारा. तेव्हा सगळेच असा आकडा लावायचे, हौस म्हणून.

अक्का रोज सकाळी ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन पान उघडायच्या. आकडा रोज वाढलेला असायचा. बैठकीला आल्या की चेहरा उजळलेला. "येतोय रे कुणीतरी," म्हणायच्या. आम्ही माना डोलवायचो. देशोदेशीचे लोक चुकून येतच असतील, असं आम्हाला वाटायचं.

त्या वर्षीच्या मेळाव्यात एका वक्त्यानं गंमत म्हणून सांगितलं, "या आकड्यांवर जाऊ नका हं! तुम्ही स्वतःचं पान उघडलंत की तुम्हीही त्यात मोजले जाता. निम्मे पाहुणे म्हणजे घरमालकच!" सभागृह खो खो हसलं. त्या भल्या माणसाला काय ठाऊक? अक्का माझ्या शेजारी होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे रोज मीच येत होते?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या ताटातला बिसीबेळे भात तसाच गार झाला. मला वाटलं, आता या परत काही येत नाहीत. पण पुढच्या बैठकीला हजर! आणि आल्या आल्या फर्मान: "आजपासून मी महिन्यातून एकदाच, इथं, तुमच्यासमोर उघडणार. तुम्ही कुणी उघडायचं नाही. एकानंच वाढला तर ती मी. जास्त वाढला तर तो."

आणि ऐकलं आम्ही. पन्नास-साठ पोरं, एकापेक्षा एक आगाऊ, जगातलं काय काय उघडून बघणारी. पण ते पान कुणी उघडलं नाही. नवा कुणी आला की त्याला आधी बजावायचं, "बाबा रे, अक्कांचं पान सोडून काहीही उघड."

दर महिन्याला अक्का बसायच्या, आम्ही मागे घोळका करून उभे. आकडा एकानंच वाढलेला असायचा. "सरी," म्हणून उठायच्या. एकदा आमच्यातला एक जण कळवळून म्हणाला, "आपणच उघडू या की रे गुपचूप. बाईला बरं वाटेल." दुसरा त्याच्या अंगावर धावून गेला, "खोटा मुलगा दाखवणार का तिला?" विषय तिथंच मिटला. पण खरं सांगू? मनातून आम्हा सगळ्यांनाच ते पान उघडावंसं वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का काविळीनं गेल्या. आठ दिवसांत खेळ संपला.

बाराव्याच्या सुमाराला त्यांचे दीर आमच्या ऑफिसात आले. सोबत एक काळवंडलेला, दाढी वाढलेला माणूस. दावणगेऱ्याकडे लॉरी चालवत होता म्हणे. लॉरी अड्ड्यावर भेटलेल्या कुणा नातेवाइकानं आई गेल्याचं सांगितलं. मी खुर्ची पुढे केली, तर तो संकोचला. "मला यातलं काही येत नाही," म्हणाला. "घर सोडलं त्याच वर्षी सुटलं ते. पोट होतं ना. आईनं काहीतरी लिहून ठेवलंय म्हणे. दाखवता?"

मीच उघडलं. फोन लाइनवर चित्र वरून खाली हळूहळू उतरायचं. आधी केस आले, मग कुंकू नसलेलं कपाळ. तिथंच त्याला पहिल्यांदा कळलं असावं की वडील गेल्यानंतर आई कशी दिसत होती. मग डोळे, मग ते अक्षर. त्यानं ओळी ओठांनी पुटपुटत वाचल्या, पुन्हा वाचल्या. हुंदका नाही, काही नाही, नुसतं पाणी गळत होतं. दीर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"आणि हा आकडा कसला?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. आई त्यात काय बघायची, तेही सांगितलं. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणालो, "हा तुम्ही."

त्यानं वाकून तो आकडा वाचला. मग लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, "म्हणजे मी आलो ते आता तिला कळलं?"