निर्मलाताईंचं खरं उत्तर

पुण्याहून परतताना पळस्प्याला गाडी वळली, तेव्हा अनघाचा फोन आला. "काकू, आई गेली... सकाळी, झोपेतच." मी "येते" एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, निर्मलाताईंना 'आई' म्हणताना मी अनघाला पहिल्यांदाच ऐकलं होतं. एरवी ती त्यांना ताई म्हणायची. आई म्हणायची ती मावशीला, जिने तिला वाढवलं.

निर्मलाताई पनवेलला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आल्या, तेव्हा त्यांचं नाटक सुटून बरीच वर्षं झाली होती. एके काळी त्यांच्या नावावर हाऊसफुल्लचे बोर्ड लागायचे. पुढे मालिकांमधून आया आणि सासवा केल्या, मग गुडघ्यांनी तेही थांबवलं. मोरा बंदरावरून मासे घेऊन येणारी बाई एकदा दारात टोपली उतरवताना म्हणाली, "बाय, टीवीवर तुमी केवढ्या रडता. इथं कदी रडताना पायलं नाय." ताई हसल्या. "तिथे रडायचे पैसे मिळायचे गं."

अनघा लहान असतानाच त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. आज कोल्हापूर तर उद्या नागपूर, असे दौरे. मुलीला दादरला बहिणीकडे ठेवलं ते तात्पुरतं म्हणून, आणि ते कायमचंच झालं. दुपारच्या चहाला हे सगळं त्या मला सांगायच्या, आवाज जराही न बदलता, जणू शेजारच्या कुणाची तरी हकिकत. अनघा दिवाळीत फराळाचा डबा घेऊन यायची आणि थोड्याच वेळात घड्याळाकडे बघायला लागायची.

आमच्या ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाला ताईंची मुलाखत ठरली. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. अनघालाही बोलावलं होतं. ती मागच्या रांगेत बसली. दौऱ्यांचे किस्से झाले, लोक पोट धरून हसले. शेवटी मी विचारलं, "मागे वळून पाहताना कशाची खंत वाटते?" असं विचारायची रीतच असते... उत्तरही ठरलेलं असतं.

ताईंनी माइक जवळ घेतला. मग म्हणाल्या, "मुलीला ठेवून मी दौऱ्यावर गेले. पोटासाठी गेले, असं सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. बहिणीने आणि तिच्या यजमानांनी आम्हा दोघींना सांभाळलं असतं. मला रंगमंच हवा होता, म्हणून गेले. पुन्हा तीच वेळ आली तरी जाईन. पण तिला काय वाटलं, ते मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची."

अनघा उठून बाहेर गेली. मी आभार मानून कार्यक्रम आटोपला.

बाहेर अनघा पायऱ्यांवर बसलेली होती. माझा हात धरून उतरत ताई तिच्यापाशी थांबल्या. वर न बघता ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, तू नाइलाजाने गेलीस. म्हणजे तुझा राग येतो ही माझीच चूक. आता निदान रागावता तरी येईल."

"मग रागव," ताई म्हणाल्या. "मी ऐकते."

त्यानंतर अनघा दर रविवारी यायला लागली. भिंतीपलीकडून मला आवाज यायचे. बरेच दिवस ते भांडणाचेच होते. मग हळूहळू कुकरच्या शिट्ट्या, एखादं हसणं, कुणीतरी कुणालातरी पदार्थात मीठ कमी पडल्याचं सांगणं... ताईंना अंथरूण धरावं लागलं तेव्हा अनघा रजा काढून इथेच राहिली. ताईंची वेणी घालून देताना मी तिला पाहिलं आहे. ताई डोळे मिटून बसलेल्या असायच्या.

मागच्या आठवड्यात अनघा ताईंचा फ्लॅट आवरत होती, म्हणून मी मदतीला गेले. साड्या वाटून झाल्या, स्मृतिचिन्हं ग्रंथालयाने नेली. बेडरूममधल्या आरशाच्या कडेला ताईंच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या, मोठ्या, मरून रंगाच्या, काहींच्या कडा सुकून उचललेल्या. "आरसा पुसायला घेतला," अनघा म्हणाली, "पण ह्या काढायला हात होईना."

निघण्याआधी ती तोंड धुवायला उठली. कपाळावरची बारीक काळी टिकली काढली आणि काही विचार न करता आरशावर ताईंच्या टिकल्यांच्या ओळीत चिकटवली. ती निघून गेली, टिकली तिथेच राहिली.