हिरोला कोल्हापुरी शिकवली त्याची गोष्ट

आता तुम्ही म्हणणार, कोल्हापूरचं पोरगं, नकला करतंय, पिक्चरवाल्यांनी हेरलं आणि शेवटी पोस्टरवर झळकलं. असलं काय न्हाय. पोस्टर चिकटवायला पण मला कुणी बोलावलं न्हाय. बसा निवांत.

कॉलेजला असताना ताईंच्या सिनेमाच्या शिबिरात गेलतो. ताई आमच्याच, जयसिंगपूरकडच्या बौद्ध वस्तीतल्या. मुंबईत दिग्दर्शकांच्या हाताखाली राबलेल्या. ज्यांच्या घरात पिक्चर नुसता बघतात, असल्या पोरापोरींना त्या फुकट शिकवायच्या. कोल्हापुरात शूटिंग लागलं तसं त्यांनी दिग्दर्शकाच्या मागं लागून मला हिरोच्या दोस्ताच्या रोलसाठी उभं केलं. शिबिरातली एक पोरगी होती, कानावरनं हेडफोन काढायची न्हाय. ताई म्हणाल्या, "तू नीट राहिलास तर तिला साऊंडवाल्याकडं घेणार हायत. घोळ घालू नको."

ऑडिशनला मी सरपंच, कंडक्टर, आमचे मास्तर, सगळ्यांच्या नकला काढून दाखवल्या. दिग्दर्शक पोट धरून हसला.

"कमाल आहेस रे! एक काम कर. हिरो पुण्याचा आहे. त्याचे डायलॉग तुझ्या भाषेत फोनवर रेकॉर्ड करून दे."

"आणि दोस्ताचा रोल, सर?"

"त्याचेही दे. तोही पुण्याचाच घेतलाय."

तरी मला वाटलं, ही दुसरी ऑडिशन असंल. नुसता आवाज द्यायचा होता, तरी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. वडील शिरोलीच्या फौंड्रीतनं रातपाळी करून झोपलेले, म्हणून मोरीत बसून हळू आवाजात रडलो. म्हंजे हिरोचं रडणं रडलो.

शूटिंग कसबा बावड्याच्या एका रानात. हिरोच्या आईची चिता पेटलेली. हिरो गुडघ्यावर आला. "आई, तुझ्याशिवाय माझं कोण हाय गं…" माझ्यासारखाच थांबला. माझ्यासारखाच हुंदका दिला. आणि म्हणाला, "व्हय गं, आलो! वरडू नको!"

ते डायलॉगमधलं न्हवतं. रेकॉर्डिंग करताना आईनं पाणी आलं म्हणून हाक मारली, मी ओ दिली, आणि ती तशीच फोनमध्ये राहिलेली. गड्यानं पाठ केली.

"कट! ओके! काय मातीतलं बोललास!" दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी.

मला हसूच फुटलं. लाइटवाली पोरं म्हणाली, "काय झालं, पावणं?" मग मी करूनच दाखवलं. गुडघ्यावर येऊन, पुणेरी हुंदका देऊन, "वरडू नको" म्हणून. ती लोळायला लागली, आणि एकदम गप झाली. हिरो माझ्या मागं उभा होता. गॉगल लावून गाडीत जाऊन बसला.

थोड्या वेळानं ताईंनी मला दंडाला धरून बांधावर नेलं.

"लई शाणा झालायस व्हय रे? त्यो काय बोलला ते मला न्हाय कळलं? मी पण वस्तीतलीच की! मला पण हसू आलं, मी गिळलं. असलं किती गिळलं तवा तुम्हाला ह्या रानात उभं करता आलं. आता दिग्दर्शक म्हणत्यात, गावची पोरं नकोत, शिस्त न्हाय. त्या हेडफोनवाल्या पोरीनं उद्याची पिशवी भरून ठेवलीया. काम गेलं म्हणून तिला सांगायला मी जायची न्हाय. तू जा. आणि तिथं नक्कल करून दाखवू नगंस. हसू नगंस माझ्याकडं बघून! जा!"